ओढ्यातल्या खडकावरचं झाड
(प्रस्तावना)

शोभेच्या माशांच्या दुकानात पहिल्यांदाच झाड मागायला गेलेल्या माणसापुढे दुकानदार बहुतेक वेळा एकच रोप ठेवतो. गडद हिरवी जाडसर पानं, उंची चार-सहा बोटं, आणि खाली आडवं वाढलेलं मांसल खोड. "अनुबियास नाना न्या, हे मरत नाही," असं तो सांगतो, आणि त्यात खोटं फारसं नसतं. या झाडाला प्रखर दिवे लागत नाहीत, कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर लागत नाही, परदेशी बनावटीची महागडी माती लागत नाही. दिसेल ते पान कुरतडणारा गोल्डफिशसुद्धा याच्या वाटेला सहसा जात नाही. तरीही कितीतरी घरांत हे झाड दोन-तीन महिन्यांत सडतं, आणि बहुतेक वेळा कारण एकच निघतं. कुणीतरी ते मनापासून, नीट दाबून, रेतीत लावलेलं असतं.

लावणाऱ्याला दोष देता येत नाही. रोप म्हणजे मातीत लावायचं, हे आपल्या हातालाच ठाऊक असतं. पण हे झाड मुळात मातीतलं नाही. ते ओढ्यातल्या खडकावर आणि पाण्यात आडव्या पडलेल्या ओंडक्यांवर वाढणारं झाड आहे. त्याचं मूळ ठिकाण समजून घेतलं, तर उजेड किती द्यायचा, खत कुठे घालायचं, शेवाळ का धरतं, कापायचं कुठे, या प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी पाठ करावी लागत नाहीत. ही पुस्तिका याच भरवशावर लिहिली आहे. म्हणून काचेच्या टाकीकडे वळण्याआधी मी वाचकाला त्या ओढ्यापाशी नेणार आहे.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, गिनीच्या आखाताला लागून, कॅमेरून पर्वत उभा आहे. समुद्राजवळून थेट चार हजार मीटरच्या वर गेलेला हा जागृत ज्वालामुखी १९९९ साली फुटला, तेव्हा त्याचा लाव्हा बाकिंगिली गावाजवळ किनाऱ्याच्या रस्त्यापर्यंत पोचला होता. समुद्राकडून येणारे ढग या पर्वताला अडतात आणि पायथ्याशी रिते होतात. पायथ्याच्या देबुंद्शा गावी वर्षाला सुमारे १०,००० मिलीमीटर पाऊस पडतो. आपल्या आंबोलीला ७,००० च्या आसपास पडतो, म्हणजे तिथला ओलावा कसा असेल याची कल्पना कोकणात पावसाळा काढलेल्या माणसाला सहज येईल. या भागातल्या दाट जंगलातून ओढे धावतात. तळाला लाव्हाचे काळे खडक, डोक्यावर झाडांचं घट्ट छत, आणि त्यातून झिरपून आलेला थोडासा उजेड. अनुबियासची जात अशाच जागी राहते. पाऊस वाढला की ती पाण्याखाली जाते, ओसरला की पानं हवेत येतात. दोन्ही अवस्था तिला चालतात. मुळं खडकाच्या खाचांत घट्ट रुतलेली असतात, कारण वाहत्या पाण्यात पकड सुटली तर झाड गेलंच. अन्न मात्र मुख्यतः वरून वाहणाऱ्या पाण्यातूनच मिळतं, आणि तेही बेताचंच.

इतक्या तुटपुंज्या उजेडात आणि अन्नात जगणारं झाड घाईने वाढू शकत नाही. नानाला एक नवं पान काढायला साधारण तीन-चार आठवडे लागतात. पान मात्र टिकाऊ असतं. चामड्यासारखं जाड, सहज फाटत नाही, आणि वर्षभराहून अधिक काळ काम करत राहतं. या झाडाचा सगळा संसार असा काटकसरीचा आहे. त्याच्याशी वागताना होणाऱ्या बहुतेक चुका ही काटकसर न ओळखल्यामुळे होतात.

शास्त्रात या वनस्पतीची नोंद कशी झाली, ते थोडक्यात सांगतो. व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्याच्या बागांचे प्रमुख हाइनरिख शॉट यांनी १८५७ साली अनुबियास ही प्रजाती नोंदवली. इजिप्तच्या अनुबिस या देवतेवरून त्यांनी हे नाव घेतलं. त्याच वर्षी नायजर नदीच्या मोहिमेवर निघालेला ब्रिटिश वनस्पतिसंग्राहक चार्ल्स बार्टर १८५९ मध्ये त्या मोहिमेतच वारला. पुढच्याच वर्षी शॉट यांनी एका जातीला त्याचं नाव दिलं, बार्टेरी. तेव्हा कॅमेरून जर्मनांच्या ताब्यात नव्हतं. ते १८८४ साली गेलं. १८९२ मध्ये किनाऱ्यावरच्या व्हिक्टोरिया गावी, म्हणजे आजच्या लिंबे शहरात, जर्मनांनी वनस्पतिउद्यान उभारलं. त्यानंतर सात वर्षांनी, १८९९ मध्ये, बर्लिनच्या आडोल्फ एंगलर यांनी नाना ही स्वतंत्र जात म्हणून नोंदवली. पुढे ऐंशी वर्षांनी, १९७९ साली, विम क्रूसियो या डच अभ्यासकाने सगळ्या प्रजातीचा पुन्हा आढावा घेतला. त्याने आठ जाती पक्क्या केल्या आणि नानाला बार्टेरीच्या पाच उपप्रकारांपैकी एक ठरवलं, सर्वांत बुटका. हाच क्रूसियो पुढे मेंदू आणि वर्तन यांच्या अनुवंशशास्त्रात नावाजला गेला. पण मासे पाळणाऱ्यांच्या जगात त्याची ओळख आजही अनुबियासची फोड करून देणारा माणूस अशीच आहे. टाक्यांत वाढवायच्या झाडांत बुटकेपणाला फार किंमत असते. दोन फुटी टाकीत बार्टेरीचा मोठा प्रकार बघता बघता पुढची सगळी काच व्यापतो. नाना मात्र जागच्या जागी राहतो, आणि त्याचीच आणखी लहान पानांची निवड बाजारात 'पेटिट' नावाने मिळते. तिचं पान नखाएवढं असतं.

कुळाच्या बाबतीत हे झाड आपल्याला परकं नाही. अळू, सुरण, आणि घरोघरी बाटलीत वाढणारा मनीप्लांट, सगळे याच कुळातले. त्याला फूल येतं तेव्हा नातं डोळ्यांना दिसतं. मधोमध एक दांडी आणि तिच्याभोवती उमललेलं एकच फिकट पांढुरकं आवरण, अळूच्या किंवा सुरणाच्या फुलासारखीच रचना. पाण्याखालीही हे फूल उमलतं आणि बरेच दिवस टिकतं. नात्याचा दुसरा पुरावा स्वयंपाकघरातला आहे. अळूची भाजी करताना चिंच किंवा दुसरं काही आंबट घातलं नाही, तर घशाला खवखव सुटते. ती खवखव पानातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे सुटते. अनुबियासच्या पानातही हे स्फटिक असतात, आणि पान चिवट असतंच. म्हणून गोल्डफिश एकदा चावून बघतो आणि सोडून देतो. गोल्डफिशच्या टाकीत दुसरं कोणतंही झाड टिकत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी नाना सुचवतो, पण दगडाला पक्का बांधूनच. गोल्डफिश तो खाणार नाही, पण ढुशा देऊन उपटून मात्र टाकेल.

आता रोप हातात घेऊ. दुकानातून ते बहुधा जाळीच्या छोट्या कुंडीत येतं. कुंडीत करड्या-पिवळ्या लोकरीसारखं काहीतरी ठासून भरलेलं असतं, ते रॉकवूल. रोपवाटिकेत हे झाड पाण्याखाली वाढवत नाहीत. दमट हरितगृहात ते हवेतच वाढतं, आणि रॉकवूल मुळांशी ओलावा धरून ठेवतं. टाकीत त्याचा उपयोग काहीच नाही. अनेक जण अख्खी कुंडीच रेतीत पुरतात. तसं करू नये. कुंडी कापून काढावी, रोप बादलीतल्या पाण्यात धरून रॉकवूल चिमट्याने धागा धागा करून सोडवावं. मुळं थोडी तुटतात, त्याची काळजी करू नये. सगळं निघालं की आडवं खोड स्पष्ट दिसतं. वैज्ञानिक भाषेत ते मूलक्षोड, टाक्या सजवणारे त्याला रायझोम म्हणतात. ते आल्याच्या गड्ड्यासारखं आडवं वाढतं. वरच्या अंगाला पानांचे देठ, खालच्या अंगाला मुळं, आणि एका टोकाला वाढीचा कोंब. कोंबातून नवं पान सुरळीसारखं गुंडाळलेलं, फिकट पोपटी रंगाचं बाहेर येतं. ते उलगडायला काही दिवस घेतं आणि मग हळूहळू गडद होतं. जुन्या पानांमध्ये एक तरी पोपटी पान दिसत असलं, तर झाडाचं बरं चाललं आहे असं समजावं.

जीव सगळा या रायझोममध्ये आहे. पानं झडली तरी तो नवी काढतो, मुळं छाटली तरी नवी फुटतात. पण रेतीखाली, जिथे पाणी फिरत नाही आणि प्राणवायू पोचत नाही, तिथे तो मऊ पडतो. सडलेला रायझोम ओळखायला सोपा असतो. बोटाने दाबला तर दबतो, रंग तपकिरी किंवा धुरकट होतो, वास येतो, आणि पान नुसतं हलवलं तरी देठासकट हातात येतं. अशा वेळी धारदार ब्लेडने सडका भाग कापावा, आत कडक आणि स्वच्छ गर लागेपर्यंत कापत जावं, आणि उरलेला तुकडा काही आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून बघावा. थोडा सडका भाग राहू दिला तर सड पुढे सरकते, त्यामुळे कापताना हात आखडू नये.

बांधण्याची पद्धत अगदी साधी आहे. ड्रिफ्टवुडचा तुकडा किंवा दगड घ्यावा. आपल्याकडे सह्याद्रीचा काळा पाषाण मुबलक मिळतो. तो मूळचा लाव्हाच, पाण्याचा कठीणपणा वाढवत नाही, आणि खरखरीत असल्यामुळे मुळांना पकड मिळते. मुळं दोन-तीन सेंटिमीटर ठेवून छाटावी, रायझोम दगडावर आडवा ठेवावा, आणि काळ्या सुती दोऱ्याने दोन-तीन वेढे द्यावेत. वेढे देठांच्या मधून जावेत, कोंबावरून नाही. सुती दोरा काही आठवड्यांत कुजतो, तोवर मुळांनी दगड धरलेला असतो. फेविक्विकसारख्या सायनोॲक्रिलेट गोंदानेही चिकटवता येतं, आणि ते माशांना अपायकारक नाही. मात्र रायझोमची खालची बाजू कागदाने टिपून कोरडी करावी आणि थेंब एक-दोनच घालावेत. पाण्यात तो गोंद पांढरा दिसतो, त्याने बिचकू नये.

या झाडाच्या बाबतीत सगळ्यात जास्त पत्रं येतात ती शेवाळाची, त्यामुळे या विषयावर थोडं थांबतो. पानावर हिरवे गोल ठिपके, किंवा कडेला काळ्या केसांचे झुपके, अशी तक्रार असते. लिहिणारा बहुतेक वेळा औषध विचारतो. मी आधी दिवा किती तास चालतो ते विचारतो. उत्तर येतं, सकाळी उठल्यावर लावतो आणि झोपताना बंद करतो. ओढ्यावरचं ते झाडांचं छत इथे आठवावं. झपाट्याने वाढणाऱ्या झाडांची पानं शेवाळ बसेपर्यंत जुनी होऊन छाटलीही जातात. नानाचं पान वर्षभर एकाच जागी, एकाच उजेडात उभं असतं. त्याला तो सगळा उजेड वापरता येत नाही, शेवाळाला येतो. म्हणून दिवा सहा-सात तासांवर आणावा, टाकीवर थेट ऊन पडू देऊ नये, आणि नानाला एखाद्या उंच झाडाच्या किंवा लाकडाच्या सावलीत बसवावं. ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकाराने टाक्या सजवण्याच्या कलेला नवं वळण दिलं. त्यांच्या रचनांत नाना अनेकदा लाकडाच्या बेचक्यात, अर्ध्या अंधारात दिसतो. ती जागा शोभेची आहेच, पण झाडालाही तीच मानवते.

काळ्या केसांच्या शेवाळाचं कारण बहुतेकदा तळाशी साचलेली घाण आणि जास्त पडणारं माशांचं खाणं असतं. फार माखलेली पानं देठापासून कापून टाकावी, पण एका वेळी दोन-तीनच. मंद झाडाचं एक पान म्हणजे त्याची महिन्याची कमाई असते. ठिपक्यांसाठी नेराइट गोगलगायी चांगलं काम करतात.

खताचा प्रश्न मी लवकर आटोपतो. रेतीत पुरायच्या गोळ्या दगडावर बांधलेल्या झाडाला पोचतच नाहीत. माशांच्या विष्ठेतून नायट्रोजन आणि फॉस्फरस बहुतेक घरच्या टाक्यांत पुरेसं मिळतं. जुन्या पानांना भोकं पडू लागली किंवा कडा पिवळ्या झाल्या तर पोटॅशियमकडे, आणि कोंबाचं नवं पान फिकटच राहिलं तर लोहाकडे बघावं. आठवड्यातून एकदा द्रवखत, बाटलीवर लिहिलंय त्याच्या अर्ध्या मात्रेत. त्याहून जास्त घालण्याचं कारण मला तरी सापडलेलं नाही.

पाणी आणि उन्हाळा हे मात्र खास आपले प्रश्न आहेत, आणि परदेशी पुस्तकांत त्यांची उत्तरं मिळत नाहीत. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा यांचं मऊ पाणी येतं. मराठवाड्यात आणि देशावर अनेक घरी बोअरचं कठीण पाणी असतं. नाना दोन्हीकडे तग धरतो. पीएच ६ ते ७.५ त्याला सोयीचा, पण थोडा वर गेला तरी रुसत नाही. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचा त्रास माशांना होतो, म्हणून पाणी दिवसभर उघड्या बादलीत ठेवावं किंवा क्लोरीन मारणारं औषध घालावं. तापमान २२ ते २८ अंश सेल्सियस त्याला आवडतं. एप्रिल-मे महिन्यांत नागपूर, जळगाव, परभणीकडे टाकीतलं पाणी ३२ अंशांच्या वर जातं. तेव्हा झाड जवळजवळ थांबतं, आणि शेवाळ मात्र थांबत नाही. या दिवसांत दिवा पाच तासांवर आणावा, खत बंद करावं, आणि टाकीचं झाकण उघडून पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडावा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत हा उपाय फार चांगला चालतो. कोकणात आणि मुंबईत हवा आधीच दमट असते, तिथे तो निम्माच लागू पडतो. पंख्याने पाणी उडतं तेव्हा क्षार मागे राहतात. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी उडालेलं पाणी पुन्हा बोअरच्याच पाण्याने भरलं, तर टाकी आठवड्यागणिक कठीण होत जाते. तिथे आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घालावं. भारनियमन असेल तर नानाला चार-सहा तासांच्या अंधाराने काहीही होत नाही. चिंता करायची ती फिल्टर बंद पडल्याने माशांची.

वाढवण्यासाठी बी लागत नाही. रायझोम चांगला बोटभर लांब झाला की स्वच्छ ब्लेडने मधोमध कापावा. दोन्ही तुकड्यांवर तीन-चार तरी पानं असावीत. कोंबाकडचा तुकडा लगेच वाढीला लागतो. मागचा काही आठवडे नुसता बसून राहतो, मग त्याच्या अंगावर छोटे डोळे फुटतात. तो मेला असं समजून अनेक जण फेकून देतात. रायझोम कडक आहे तोवर फेकू नका. दुकानात या झाडाची किंमत इतर झाडांपेक्षा जास्त का, याचं उत्तरही इथेच आहे. रोपवाटिकेलाही ते वाट बघूनच वाढवावं लागतं.

पुढच्या प्रकरणांत बांधणी, छाटणी, रोग, आणि फायटर, गोल्डफिश, कोळंबी अशा निरनिराळ्या सोबत्यांसाठीच्या टाक्या यांचा तपशील चित्रांसह दिला आहे. कार्बन डायऑक्साइडच्या यंत्रणेवर मी मुद्दाम लिहिलेलं नाही. त्याने नाना थोडा वेगाने वाढतो खरा, पण नवख्या माणसाने त्यासाठी सिलिंडर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक विनंती मात्र इथेच करतो. छाटलेले तुकडे किंवा नकोशी झालेली टाकी जवळच्या ओढ्यात, तलावात रिकामी करू नका. नाना मंद आहे, तो कुठे पसरणार, असं वाटेल. पण टाकीतून एकटा नाना जात नाही. त्याच्याबरोबर दुसऱ्या झाडांचे तुकडे, गोगलगायी, मासे, रोग सगळंच जातं. शोभेचं झाड म्हणून आलेल्या जलपर्णीने मुळा-मुठेचं आणि पंचगंगेचं काय केलं आहे ते आपण दर वर्षी बघतो. आणि सह्याद्रीतल्या, कोकण-गोव्यातल्या ओढ्यांत अनुबियासची आपली स्वतःची भावंडं आहेत, क्रिप्टोकोरिनच्या जाती. त्यांतल्या काही फारच थोड्या जागी उरल्या आहेत. टाकीसाठी त्या तिथून उपटून आणू नका, आणि टाकीतलं काही तिथे नेऊन टाकू नका. नानाचा जादा तुकडा मित्राला द्या. घेणारा कुणी नसेल तर उन्हात पूर्ण वाळवा आणि मग कुंडीतल्या खतात घाला.